लाल चोपडीतला चित्रपट

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी महाराष्ट्रातला व्यापारी ज्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांची पूजा करतो, तशाच चोपड्या बंगालमध्ये नववर्षाच्या दिवशी उघडल्या जातात. तेथे त्यांना ‘खेरोर खाता’ म्हणतात. जमा आणि नावे यांच्यासाठी जन्मलेली ही वही सत्यजित राय यांनी मात्र वेगळ्याच कामाला लावली. आपल्या चित्रपटांच्या पटकथा ते अशा वह्यांत लिहीत. एका बाजूला संवाद, शेजारी लहान लहान चौकटींत त्या दृश्याची रेखाचित्रे, कुठे एखाद्या पात्राच्या पोशाखाचा तपशील, कुठे खोलीच्या मांडणीचा आराखडा, कुठे पार्श्वसंगीताची स्वरलिपी, तर कुठे श्रेयनामावलीतील अक्षरांचे वळण. चित्रणाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वी चित्रपट या वहीत जवळजवळ पुरा झालेला असे.

राय यांच्या मानवतावादाविषयी, त्यांच्या चित्रपटांतील काव्यात्मतेविषयी आणि त्यांना मिळालेल्या देशोदेशीच्या सन्मानांविषयी विपुल लिखाण झाले आहे. २०२१ साली त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यात आणखी भर पडली. त्या मानाने ते काम कसे करीत, आणि विशेषतः पैसा, वेळ व कच्ची फिल्म या तिन्ही दुर्मिळ साधनांचा विनियोग कसा करीत, याकडे लक्ष कमी गेले आहे. वास्तविक चित्रपट हा असा एक कलाप्रकार आहे की जो भांडवलाशिवाय उभाच राहू शकत नाही. कवीला कागद पुरतो. दिग्दर्शकाला कॅमेरा, दिवे, स्टुडिओचे भाडे आणि पन्नास माणसांची मजुरी लागते. ज्याचा पैसा त्याचा शब्द, हा या धंद्याचा रिवाज. असे असता मुंबईच्या तुलनेत अगदी तोकड्या भांडवलावर चालणाऱ्या बंगाली चित्रव्यवसायात राहून राय यांनी १९५५ ते १९९१ या काळात कथापट, लघुपट व अनुबोधपट मिळून छत्तीस चित्रपट केले, आणि तेही बहुतांशी स्वतःच्या अटींवर. हे कसे साधले, याचा उलगडा त्या लाल चोपडीच्या आधाराने होऊ शकतो.

अर्थशास्त्राचा नाखूश पदवीधर

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण राय हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे अर्थशास्त्राचे पदवीधर होते. या विषयाची त्यांना गोडी लागली नाही, हे त्यांनी कधी लपवले नाही. परंतु साधने थोडी आणि गरजा अनेक, या मूळ सूत्राचा परिचय त्यांना वर्गाबाहेर फार लवकर झालेला होता. आजोबा उपेंद्रकिशोर हे मुद्रणतंत्रातील, विशेषतः चित्रांच्या हाफटोन छपाईतील, अग्रणी. ‘संदेश’ हे मुलांचे मासिक त्यांनी १९१३ साली सुरू केले. वडील सुकुमार राय यांचे नाव बंगालमध्ये घरोघरी माहीत. मात्र १९२३ साली सुकुमार वारले तेव्हा सत्यजित अवघे दोन वर्षांचे होते. पुढे काही वर्षांतच छापखान्याचे दिवाळे निघाले, राहते घर सोडावे लागले आणि मायलेकरांना मामाच्या आश्रयाला जावे लागले. प्रतिभा आणि सुसंस्कृतता यांच्या बळावर धंदा तरत नाही, याचा हा घरचाच दाखला होता.

शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकलेचे शिक्षण अर्धवट सोडून राय १९४३ साली डी. जे. केमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत ऐंशी रुपये पगारावर रुजू झाले. जाहिरात कंपनीतील चित्रकाराचे काम म्हणजे मोजक्या जागेत, ठरलेल्या मुदतीत आणि गिऱ्हाइकाने मान्य केलेल्या खर्चात एक प्रतिमा पक्की करणे. छपाईला गेल्यावर बदल करायचा तर पैसा जातो. म्हणून जो काय विचार करावयाचा तो आधी कागदावर. राय यांच्या पुढील कार्यपद्धतीचे मूळ शांतिनिकेतनाइतकेच या कचेरीत शोधावे लागेल. त्यांच्या चाहत्यांना हे फारसे रुचत नाही, कारण जाहिरातीच्या धंद्याशी कलावंताचा संबंध जोडणे त्यांना कमीपणाचे वाटते. राय यांना तसे वाटत नसावे. ‘पथेर पांचाली’ पुरा होईपर्यंत त्यांनी ही नोकरी सोडली नाही.

‘पथेर पांचाली’ची जन्मकथा आता दंतकथेच्या पदवीला पोहोचली आहे. १९५० साली कंपनीने त्यांना लंडनला पाठवले. तेथील काही महिन्यांत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले, त्यांत डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता. खऱ्या जागा, नवखी माणसे आणि थोडका पैसा एवढ्यावर चित्रपट उभा राहू शकतो, ही खात्री तेथे पटली. परत आल्यावर ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या शेतात चित्रणाला प्रारंभ झाला. छायालेखक सुब्रत मित्र एकवीस-बावीस वर्षांचे, चलच्चित्रणाचा कॅमेरा त्यांनी त्यापूर्वी कधी चालवलेला नव्हता. पहिल्या दिवशी अर्धा प्रसंग झाला. नोकरी सांभाळून काम, म्हणून मंडळी पुढच्या रविवारी पुन्हा तेथे गेली, तर मधल्या दिवसांत गुरांनी सारी काशफुले खाऊन टाकली होती. उरलेल्या प्रसंगासाठी पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूची वाट पाहावी लागली.

पुढची अडीच वर्षे पैशाअभावी काम थांबत-चालत राहिले. विम्याची पॉलिसी गेली, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि पुस्तके गेली, पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले. अखेर मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्यामुळे पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला, आणि चित्रपटाचे नाव ‘रस्त्याचे गाणे’ म्हणून तो खर्च रस्तेसुधारणेच्या खात्यावर टाकण्यात आला. सरकारी हप्ता मिळण्यापूर्वी दर वेळी आधीच्या हप्त्याचा हिशेब सादर करावा लागे. एक हप्ता पावसाळा सरल्यावर हाती पडला, म्हणून पावसाचे प्रसिद्ध दृश्य ऑक्टोबरात, आभाळाकडे डोळे लावून बसून, चित्रित करावे लागले. एक-दीड लाखाच्या घरात खर्च झालेल्या या चित्रपटाने सरकारचे भांडवल नफ्यासह परत केले. दिग्दर्शकाच्या वाट्याला त्या नफ्यातले काही आले नाही. सार्वजनिक पैशातून कलेला मदत म्हणजे तोट्याचा व्यवहार, असे समजणाऱ्यांनी हा व्यवहार मुळातून पाहण्यासारखा आहे.

या साऱ्या ओढगस्तीला काटकसर म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो बरोबर नाही. मधल्या काळात मिठाईवाल्याचे काम करणारा गृहस्थ वारला आणि त्याच्या बांध्याच्या दुसऱ्या माणसाला पाठमोरा चालवून वेळ निभवावी लागली. कुत्रा मेला, त्याच्यासारखा दुसरा शोधावा लागला. ऐंशीच्या घरातल्या चुनीबालादेवी तग धरून राहिल्या आणि अपूचे काम करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला नाही, ही केवळ दैवाची कृपा. कुठल्याही हिशेबनिसाने याला उधळपट्टीच म्हटले असते. फक्त ती पैशाची नसून वेळेची आणि आयुष्याची होती. रायना हे उमगले होते. पुन्हा कधी ते अशा अवस्थेत चित्रणाला उभे राहिले नाहीत, यावरून तरी तसे दिसते. ‘पथेर पांचाली’साठी रीतसर लिहिलेली पटकथा नव्हती, टिपणे आणि शाईच्या चित्रांची वही होती. पुढे ती उणीव भरून निघाली, आणि चोपडीचे युग सुरू झाले.

आधी कागद, मग कॅमेरा

राय यांची रीत साधारणपणे अशी असे. कथा निवडल्यानंतर ते पटकथा स्वतः लिहीत. दुसऱ्याकडून लिहवून घेतल्याचे उदाहरण नाही. संवाद लिहिताना पात्राचा चेहरा रेखाटला जाई आणि त्या चेहऱ्याचा माणूस शोधण्याची मोहीम निघे. तो नट असला पाहिजे असा आग्रह नसे. लिखाण झाले की सर्व कलावंतांना बसवून ते स्वतः पटकथा मोठ्याने वाचून दाखवत. त्या वाचनात कुठे थांबायचे, कुठे स्वर उतरायचा, हे सारे आलेले असे. त्यामुळे चित्रणाच्या वेळी सूचना थोडक्यात आटोपत. कच्ची फिल्म त्या काळी परदेशातून येई आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे ती मोजूनच मिळे. एकच प्रसंग चार कोनांतून चित्रित करून ठेवावा आणि कोणता वापरायचा ते संकलनाच्या टेबलावर ठरवावे, ही चैन परवडणारी नव्हती. राय जेवढे लागेल तेवढेच चित्रित करीत, बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातच. संकलन मनात झालेले असे. दुलाल दत्त, जे पहिल्यापासून अखेरपर्यंत त्यांचे संकलक राहिले, त्यांच्या टेबलावर येणाऱ्या फिल्मला एकाहून अधिक अर्थ क्वचितच असत.

याचा अर्थ सगळे काही आधीच गोठलेले असे, असा मात्र नव्हे. ‘कांचनजंघा’चे (१९६२) उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दार्जिलिंगमध्ये सुट्टीवर आलेल्या एका धनिक कुटुंबाची एका दुपारची ही कथा. तेथे ऊन आणि धुके यांचा भरवसा नाही. दुसरा एखादा निर्माता आभाळ निवळण्याची वाट पाहत हॉटेलचे बिल वाढवीत बसला असता. राय यांनी पटकथेतच कोणता प्रसंग उन्हातला आणि कोणता धुक्यातला, याची वाटणी करून ठेवली होती. ऊन पडले की मंडळी एका प्रसंगाकडे धावत, धुके उतरले की दुसऱ्या. लहरी हवामानच चित्रपटाच्या कथेचा भाग बनले. पुरते नियोजन केलेल्या माणसालाच आयत्या वेळचा बदल परवडतो, हे येथे दिसते. आपल्याकडे नियोजन हा शब्द पंचवार्षिक योजनांनी इतका रुक्ष करून टाकला आहे की त्याचा असा उपयोग होऊ शकतो हे ध्यानातच येत नाही.

‘अपराजित’च्या (१९५६) वेळची हकीकत तर तंत्राच्या इतिहासात जमा झाली आहे. बनारसच्या एका जुन्या घराचे नेपथ्य हवे होते. मधोमध चौक, भोवती खोल्या, आणि प्रकाश येणार तो फक्त वरच्या आभाळातून. हे घर उघड्यावर उभारावे तर पावसाळा तोंडावर आलेला. म्हणून ते कलकत्त्यात स्टुडिओच्या छपराखाली उभारावे लागले. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांचे म्हणणे असे की, स्टुडिओत तो सावलीविरहित, पसरट उजेड मिळणे अशक्य. दिव्यांच्या चार सावल्या चार दिशांना पडून घराचे सोंग उघडे पडेल. सुब्रत मित्र यांनी चौकावर मांडवासारखे पांढरे कापड ताणले, दिवे खालून त्या कापडावर रोखले, आणि परतून खाली आलेल्या प्रकाशात चित्रण केले. पडद्यावर ते घर बनारसचे नाही असे कुणाला सांगूनही खरे वाटत नाही. परावर्तित प्रकाशाची ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. मित्र यांना त्यासाठी लागले ते काही वार कापड.

लहान मुलांकडून काम करून घेण्याची राय यांची हातोटी वाखाणली जाते, पण तिचे वर्णन ‘जादू’ म्हणून होते, ते अपुरे आहे. सुबीर बॅनर्जी हा अपूचे काम करणारा मुलगा काशफुलांतून बहिणीला शोधत चालताना ताठ, एका रेषेत चाले. त्याला ‘तू गोंधळलेला आहेस’ असे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. राय यांनी त्याच्या वाटेत काटक्याकुटक्या टाकून ठेवल्या आणि आपल्या साहाय्यकांना गवतात निरनिराळ्या जागी लपवून त्याला हाका मारायला लावले. मुलगा अडखळत, थबकत, मान वळवत चालला. अभिनय करायला सांगण्याऐवजी ज्या परिस्थितीत तसे वागणे भागच पडेल ती परिस्थिती निर्माण करायची. मोठ्यांच्या बाबतीतही ते तत्त्व चाले, थोड्या वेगळ्या तऱ्हेने. ‘चारुलता’मध्ये (१९६४) एकोणिसाव्या शतकातल्या तरुण लेखकाचे काम करणाऱ्या सौमित्र चटर्जी यांना त्यांनी त्या काळच्या वळणाचे हस्ताक्षर गिरवायला लावले. पडद्यावर ते अक्षर क्षणभर दिसते. पण जो माणूस महिनोन्महिने जुन्या वळणाने लिहितो, त्याचे बसणे, लेखणी धरणे, कागदावर वाकणे हेही बदलते.

कारकून, शिक्षक आणि बँकेतली नोकरमंडळी यांना राय यांचा ‘महानगर’ (१९६३) आपला वाटावा असा आहे. बँक बुडाल्याने नवऱ्याची नोकरी जाते आणि दारोदार विणकामाची यंत्रे विकणारी बायको एकटी कमावती उरते. या घराच्या खोल्या मध्यमवर्गीय घराच्या असतात तेवढ्याच कोंदट ठेवलेल्या आहेत. सासरे, सासू, नणंद, मूल यांच्यामधून वाट काढत माणसे वावरतात, आणि घरात बाईच्या पगाराने जी अडचण निर्माण झाली आहे ती आधी भिंतींतून जाणवते, मग संवादांतून.

बाजारपेठ आणि स्वातंत्र्य

राय यांच्या काटकसरीला एक कठोर आर्थिक कारण होते आणि त्याची चर्चा जवळजवळ कधीच होत नाही. १९४७च्या फाळणीने बंगाली चित्रपटाची बाजारपेठ दुभंगली. पूर्व बंगालमधले प्रेक्षक सीमेपलीकडे गेले, निर्बंध वाढत गेले, आणि १९६५च्या युद्धानंतर ते दार पुरते मिटले. उरला तो पश्चिम बंगाल आणि इतरत्र विखुरलेला बंगाली प्रेक्षक. हिंदी चित्रपटाला सारा देश मोकळा. त्याच्या तुलनेत हे उत्पन्न मर्यादित आणि आधी अंदाज बांधता येण्याजोगे. अशा बाजारात ज्याचा खर्च वसुलीच्या आत राहतो, त्यालाच पुढचा चित्रपट मिळतो. राय यांनी हे पक्के ओळखले होते. निर्मात्याला तोटा होऊ द्यायचा नाही, कारण तोटा झालेला निर्माता पुढच्या वेळी कथेत बोट घालतो. काटकसर ही त्यांच्या लेखी स्वातंत्र्याची किंमत होती, आणि ती त्यांनी चोख मोजली.

यासाठी मुरड घालावी लागली ती घातली. ‘गुपी गायन बाघा बायन’ (१९६९) हा आजोबांच्या कथेवरचा संगीतमय अद्भुतपट त्यांना रंगीत करावयाचा होता. तेवढा पैसा उभा राहिला नाही. त्यांनी चित्रपट कृष्णधवल केला आणि रंग फक्त शेवटच्या दृश्यापुरते राखून ठेवले. बंगालमध्ये त्याने गर्दीचे उच्चांक केले. उदरनिर्वाहासाठी चित्रपटावरच विसंबून राहावे लागू नये, याचीही तजवीज त्यांनी केली होती. १९६१ साली ‘संदेश’ पुन्हा सुरू केले, त्यात ते मुलांसाठी लिहू लागले. गुप्तहेर फेलुदा आणि प्राध्यापक शंकू यांच्या कथांची पुस्तके बंगालमध्ये अमाप खपली. लेखणीच्या या मिळकतीने कॅमेऱ्याला स्वाभिमानाने राहता आले.

मोठ्या पैशाशी त्यांचा संबंध एकदाच आला. १९६७ साली ‘द एलियन’ या त्यांच्या पटकथेत हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीने रस घेतला. राय तेथे गेले तेव्हा त्यांना आढळले की आपल्या पटकथेच्या प्रती मध्यस्थाच्या नावाच्या हक्कासह फिरत आहेत. हा चित्रपट झाला नाही. कलकत्त्याच्या गळक्या स्टुडिओंत परतताना त्यांना काय वाटले असेल कोण जाणे; पण त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी जे काम केले, त्यात हरलेल्या माणसाची खूण दिसत नाही.

त्यांपैकी एका चित्रपटाचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. ‘अशनी संकेत’ (१९७३) हा बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरचा, १९४३च्या बंगाली दुष्काळाचा चित्रपट. त्यावर आक्षेप आला तो असा की, दुष्काळाचा चित्रपट इतका हिरवागार, इतका देखणा कसा? भुकेने माणसे मरत असताना शेते डोलतात, तळी भरलेली आहेत, फुलपाखरे उडताहेत. ही सौंदर्यासक्ती अस्थानी नव्हे काय? टीका वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु चित्रपटात अन्नधान्याचा अभाव कुठून सुरू होतो ते पाहावे. पीक बुडाल्याचे एकही दृश्य नाही. आहे तो भाव. संवादागणिक तांदळाचा भाव चढत जातो. सिंगापूर कुठे आले हेही ज्यांना धड ठाऊक नाही, त्या खेडुतांच्या ताटातला भात तेथल्या युद्धाने नाहीसा होतो. आठ वर्षांनी, १९८१ साली, अमर्त्य सेन यांनी दुष्काळांवरील आपल्या ग्रंथात हेच आकडेवारीने मांडले, की १९४३ साली बंगालमध्ये धान्याची एकूण उपलब्धता फार घटलेली नव्हती, भाव आणि मजुरी यांची फारकत होऊन भूमिहीन व कारागीर यांची धान्य मिळवण्याची ऐपत संपली. हे ध्यानात घेतले की त्या हिरव्या रंगाचा अर्थ बदलतो. रखरखीत माळ दाखवला असता तर दोष आभाळावर गेला असता. हे सिद्धांतातून सुचले असण्याचा प्रश्नच नाही. दुष्काळाच्या त्या वर्षी राय कलकत्त्यातच होते, ऐंशी रुपयांची नवी नोकरी करीत होते. शहरात जे दिसले ते त्यांच्या पिढीतला कोणी विसरलेला नाही.

१९८० साली राज्यसभा सदस्या नर्गिस यांनी राय भारताचे दारिद्र्य परदेशी विकतात असा आरोप केला होता. त्यावर त्या वेळी बरीच धूळ उडाली. दुसऱ्याच वर्षी राय यांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ हा तासाभराच्या आतला चित्रपट केला. दुखी चांभाराच्या कामी ओम पुरी, त्याची बायको स्मिता पाटील, आणि पंडिताच्या भूमिकेत पुण्याचे डॉ. मोहन आगाशे. ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस म्हणून गाजलेल्या या नटाच्या वाट्याला येथे जे पात्र आले त्याचे नावही घासीराम, हा योगायोग मराठी माणसाला मौजेचा वाटेल, चित्रपटात मात्र मौजेचे काही नाही. प्रेत शिवायचे नाही म्हणून पायाला दोरी अडकवून पंडित ते फरफटत नेतो, ते दृश्य राय यांनी एकाही अधिक फटकाऱ्याविना दाखवले आहे. एवढ्या थोडक्या अवधीत एवढे कठोर दुसरे काही त्यांनी केले नाही. दारिद्र्य विकायला काढणारा माणूस ते इतक्या कमी शब्दांत संपवीत नसतो.

एकाच हातात सारे

तथापि या पद्धतीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही. आरंभी राय यांच्याभोवती समान योग्यतेची माणसे होती. ‘पथेर पांचाली’चे संगीत दौऱ्यांच्या धावपळीतून सवड काढून आलेल्या रविशंकरांनी एका रात्रीच्या बैठकीत दिले, ‘जलसाघर’ला विलायत खाँ, ‘देवी’ला अली अकबर खाँ लाभले. उस्तादांना सवड नसे, आणि सेकंदांच्या हिशेबात बसणारे संगीत देणे त्यांच्या वृत्तीला मानवणारे नव्हते. म्हणून ‘तीन कन्या’पासून (१९६१) संगीत राय यांनीच आपल्याकडे घेतले. ‘चारुलता’पासून कॅमेराही ते स्वतः चालवू लागले. जाहिरातींची चित्रे, श्रेयनामावली, वेशभूषा हे तर त्यांचेच होते. १९६६च्या ‘नायक’नंतर सुब्रत मित्र त्यांच्याबरोबर राहिले नाहीत, आणि पुढे बन्सी चंद्रगुप्तही मुंबईच्या चित्रपटांकडे वळले. सौमेंदू राय आणि इतरांनी कामे उत्तम केली, हे निःसंशय. पण पांढरे कापड ताणून दिग्दर्शकाला आणि कलादिग्दर्शकाला चकित करणारा माणूस पुन्हा त्या गटात आला नाही. ज्याचे सारे उत्तर वहीत आधीच लिहिलेले असते, त्याच्या हाताखाली असा माणूस फार काळ टिकणे कठीण.

या ठिकाणी मराठी वाचकाला ‘प्रभात’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली ती कंपनी भागीदारांची होती. दामले, फत्तेलाल, शांताराम यांच्यात कामाची वाटणी होती, पगारी नोकरवर्ग होता, उमेदवारी करून वर आलेले कारागीर होते. ती संस्था मोडली, परंतु तिच्यातून बाहेर पडलेली माणसे कितीतरी चित्रपटांना पुरली, आणि तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. राय यांच्या मागे अशी वास्तू नाही. अनेकांना त्यांनी स्फूर्ती दिली, शिष्य म्हणता येतील असे फार थोडे घडवले. अॅडम स्मिथने टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचे जे गुण सांगितले त्यांच्या नेमके उलट जाऊन राय यांनी टाचणी एकट्याने घडवली. ती अधिक टोकदार झाली, यात शंका नाही. परंतु कारखाना त्या माणसाबरोबरच बंद व्हायचा होता.

ते प्रत्यक्षात लवकर दिसून आले. १९८३ साली ‘घरे बाइरे’चे काम चालू असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला, उरलेला भाग त्यांच्या सूचनेबरहुकूम चिरंजीव संदीप यांनी पुरा केला. त्यानंतर काही वर्षे चित्रपटच नाही. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली ती स्टुडिओच्या आत काम करण्याची. ‘गणशत्रू’ पाहताना हे बंधन जाणवते. माणसे खोल्यांत बसून बोलतात, ज्या दिग्दर्शकाने एके काळी बोलण्यावाचून पाच-सात मिनिटे ‘चारुलता’ पेलून नेली होती तो आता संवादांवर भिस्त ठेवतो. अखेरच्या ‘आगंतुक’मध्ये (१९९१) मात्र त्याच बैठकीच्या खोलीत त्यांनी पुन्हा जीव ओतला. १९९२ साली त्यांना भारतरत्न आणि ऑस्कर अकादमीचा विशेष सन्मान मिळाला तेव्हा ते रुग्णालयात होते. २३ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत त्यांच्या अनेक चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या जळक्या पट्ट्या पुढे वीस वर्षांनी इटलीतल्या तंत्रज्ञांनी एकेक चौकट हाताने दुरुस्त करून २०१५ साली पुन्हा पडद्यावर आणल्या. वह्या कलकत्त्यात होत्या, त्या वाचल्या. त्यांपैकी एकीत ‘उत्तरण’ या चित्रपटाची पटकथा पुरी झालेली होती. चित्रणाची तयारी चालू असतानाच राय यांनी अंथरूण धरले होते. १९९४ साली संदीप राय यांनी त्या पटकथेवरून तो चित्रपट केला. मुख्य भूमिकेत सौमित्र चटर्जीच होते. आज ‘उत्तरण’ पाहिलेला प्रेक्षक बंगालमध्येही शोधावा लागतो.